फोंटेनचा पाचवा अंक: फुरीनाला भर कोर्टात उघडं पाडलं, ते पटलं का? (स्पॉयलर आहेत)

निळी_छत्री | ११ नोव्हेंबर २०२३, सायं. ६:४०

गेन्शिन इम्पॅक्ट खेळणाऱ्या सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. ज्यांचा ४.२ अपडेटमधला नवा अंक व्हायचाय त्यांनी इथूनच मागे फिरा, खाली सगळी कथा फुटणार आहे.

बुधवारी सकाळी साडेआठला सर्व्हर उघडले, पण घरात चकल्यांचा घाणा चालू होता. काल रात्री सगळे झोपल्यावर बसले आणि उजाडायच्या सुमारास उठले. या गेममधलं मी आजवर खेळलेलं सगळ्यात दमदार कथानक हे, याबद्दल मला शंका नाही. तरी एक गोष्ट सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

मधल्या भागात नाद सोडलेल्यांसाठी थोडक्यात: फोंटेन या देशात भाकीत आहे की पाणी चढत जाईल, सगळी माणसं त्यात विरघळतील आणि एकटी हायड्रो आर्कॉन, म्हणजे जलदेवता, सिंहासनावर रडत उरेल. फुरीना ही ती आर्कॉन. चार अंक आपण तिला मिरवताना, केक खाताना, खटल्यांचा तमाशा करताना बघितलं. आता प्वासाँ गाव बुडालंय, आपल्या मैत्रिणीचे, नाव्हियाचे, साथीदार मेलस आणि सिल्व्हर गेलेत, आणि फुरीना तोंड उघडत नाही. मग प्रवासी, म्हणजे आपलं पात्र, तिच्याशी एका घरात बसून आपुलकीने बोलतो, काय असेल ते मला सांग म्हणून विनवतो. ती अगदी सांगायच्या बेताला येते. आणि ते घर घरच नसतं! ओपेरा एपिक्लेस या तिथल्या कोर्टाच्या रंगमंचावर उभारलेला सेट असतो. समोर खचाखच प्रेक्षक, वर मुख्य न्यायाधीश न्यूव्हिलेट न्यायासनावर, आणि खटला सुरू.

माझ्या प्रवाशाच्या, ल्यूमिनच्या, तोंडून ते गोड बोलणं मीच बटण दाबून वदवलं. दोन पर्याय यायचे, पण कुठलाही दाबला तरी गाडी तिथेच जाणार. मला नकार द्यायचा होता. या मुलीला असं फसवायचं नाही, असं म्हणायची सोय गेमने द्यायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

रात्रपाळी | ११ नोव्हेंबर, सायं. ७:०२

रुमाल टाकून ठेवतो. नाव्हियापाशी अडकलोय. खेळून येतो.

---

शिवारवारा | ११ नोव्हेंबर, सायं. ७:३०

मला पटलं. भावना बाजूला ठेवा. एक अख्खं गाव पाण्यात गेलंय, माणसं विरघळलीत. मेलस आणि सिल्व्हर इतरांना वाचवता वाचवता गेले. नाव्हियाचे वडील आधीच गेलेले, आता हे दोघंही नाहीत. आणि ज्या बाईला काहीतरी माहीत आहे ती गप्प. गोड बोलून झालं, थेट विचारून झालं, चौथ्या अंकापर्यंत सगळे तिच्या मागे लागले होते. पूर दाराशी आला असताना आणखी किती थांबायचं?

फसवणूक होती, मान्य. पण तिच्या जिवावर उठून केली नाही. कोणालाच कल्पना नव्हती की ओरॅट्रीस हे न्याययंत्र मृत्युदंड देईल.

---

मेलबर्नचा_मावळा | ११ नोव्हेंबर, रात्री ८:१५

+१ शिवारवारा. आणि ताई, या गेममध्ये पर्यायांनी कथा बदलत नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. २०२० सालच्या मोन्डश्टाट या पहिल्या प्रदेशापासून तसंच चाललंय. ज्यांना फाटे फुटणारी कथा हवी त्यांच्यासाठी दुसरे गेम आहेत. इथे आपण फक्त सोबत चालायचं.

---

निळी_छत्री | ११ नोव्हेंबर, रात्री ८:४१

मावळेदादा, कथा बदलू नका हो. शेवट तोच ठेवा. फक्त मला "मला हे मान्य नाही" म्हणू द्या, मग नाव्हियाने किंवा क्लोरिंडने तो सापळा रचला असता तरी चाललं असतं. माझ्याच पात्राच्या तोंडी ते का घातलं, एवढंच विचारतेय.

---

तिसरी_घंटा | १२ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

अभ्यंगस्नान, फराळ उरकून आलोय. मी हौशी नाटकांना पडद्यामागची कामं करतो, त्यामुळे त्या सेटच्या प्रसंगाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

परत खेळायची सोय नसली तरी कोणाचं रेकॉर्डिंग मिळालं तर बघा. घरात शिरल्यापासून कॅमेरा कसा ठेवलाय? खोली आपल्याला जवळजवळ एकाच बाजूने दिसते. फुरीनाला कधी आडवं, कधी समोरून, म्हणजे प्रेक्षागृहातून दिसेल तसं बसवलंय. चौथी भिंत आपण पाहतच नाही, कारण तिथे पडदा आहे. नाटकवाल्याच्या डोळ्याला हे खटकायला हवं होतं, पण बोलण्यात मी इतका गुंतलो की पडदा सरकल्यावरच कळलं.

दुसरं म्हणजे फुरीना स्वतः पाचशे वर्षं नाटक करतेय. समोर माणूस आला की मान वर, हात पसरलेले, आवाज चढा. त्या खोलीत मात्र ती पहिल्यांदा आवाज खाली आणते. म्हणजे आयुष्यात एकदाच ती भूमिका उतरवायला निघाली आणि नेमकी तेव्हाच खऱ्याखुऱ्या रंगमंचावर उभी होती. लेखकांनी काय जागा काढलीय! म्हणून निळी छत्री, मला वाटतं ते प्रवाशाच्याच तोंडी हवं होतं. नाव्हियाने केलं असतं तर तुम्ही प्रेक्षकांत बसून चुकचुकला असता. आता तुम्हाला बोचतंय.

---

अर्धाकप | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

तिसरी घंटा, दंडवत. वाचनखूण साठवली.

---

काळा_कोट | १२ नोव्हेंबर, दुपारी १:४४

व्यवसायाने वकील. तो खटला बघताना मला स्वस्थ बसवेना, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

पहिला मुद्दा: न्यूव्हिलेट. सापळा ठरला तेव्हा तो त्यात होता, आणि नंतर तोच न्यायासनावर. आपल्याकडे असा न्यायाधीश एक मिनिटसुद्धा टिकणार नाही. बचावाला वकील नाही, तयारीला वेळ नाही, आरोप काय हेसुद्धा आरोपीला पडदा उघडल्यावर कळतं.

दुसरा मुद्दा: खोलीतली विनवणी. आपला पुरावा कायदा म्हणतो की अधिकारातल्या माणसाने आमिष, धमकी किंवा वचन देऊन मिळवलेली कबुली ग्राह्य नाही. इथे ती कबुली देतच नाही, हे तिचं नशीब की तिचा निग्रह, तुम्ही ठरवा.

तिसरा मुद्दा सगळ्यात रंगतदार, तो म्हणजे आदिसागराचं पाणी. फोंटेनचा माणूस त्यात विरघळतो, देवतेला काही होत नाही. भर कोर्टात तिच्यापुढे ते पाणी ठेवतात, ती हात घालते आणि ती आर्कॉन नसून माणूस आहे हे ठरतं. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण १९६१ साली मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी सांगितलं की बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. पुढे २०१० च्या सेल्वी निकालात नार्को चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही असं ठरलं, कारण तिथे माणसाच्या मनातलं बाहेर काढलं जातं. माझ्या मते हात पाण्यात घालणं हे ठशांच्या जवळचं आहे. म्हणजे मी तिचा वकील असतो तर सगळ्या खटल्यावर हरकत घेतली असती, पण नेमक्या त्या पुराव्यावर हरलो असतो.

---

शिवारवारा | १२ नोव्हेंबर, दुपारी २:१०

हहपुवा, फुरीनासाठी थेट घटनापीठ! वकीलसाहेब, असे प्रतिसाद येत राहू द्या.

---

लेकीची_आई | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३५

मी स्वतः खेळत नाही, लेक खेळते, नववीत आहे. पण हे कथानक मी तिच्याशेजारी बसून पाहिलं. संवाद ती मला भराभर मराठीत सांगत होती, कारण मजकूर पंधरा भाषांत असला तरी आपली एकही नाही. आवाज जपानी ठेवले होते. फुरीनाचा आवाज देणाऱ्या इनोरी मिनासे यांनी काय काम केलंय! कोर्टात ओरडून बोलताना शब्दाच्या शेवटी जो कंप येतो तो मला एक अक्षर न कळता कळत होता.

लेकीचं म्हणणं सांगते. ती म्हणाली, "आई, सगळे तिला विचारतात तू काय लपवतेस. तुला कशाची भीती वाटते असं कोणीच विचारत नाही." मी खेळत नसल्यामुळे हे बरोबर आहे की नाही मला सांगता येणार नाही. जाणकारांनी सांगावं.

---

निळी_छत्री | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०२

लेकीची आई, तुमच्या लेकीला माझ्याकडून शाबासकी. मला जे चार परिच्छेदांत जमलं नाही ते तिने दोन वाक्यांत सांगितलं.

---

कोकणकडा | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:१८

जरा अवांतर. फोनवर खेळणाऱ्यांनी हा अंक कसा पार पाडला? माझा फोन आदिसागराच्या भागात एवढा तापला की स्क्रीन अंधूक व्हायला लागली. शिवाय संवाद वगळायचं बटण नाही, त्यामुळे मधे थांबायचं तर कुठे थांबू कळत नाही. सोबतची पायमॉन प्रत्येक गोष्ट पुन्हा एकदा समजावून सांगते ते वेगळंच.

---

मेलबर्नचा_मावळा | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

कोकणकडा, ग्राफिक्स लोएस्ट, ३० एफपीएस, सावल्या बंद, फोनचं कव्हर काढा आणि चार्जिंगला लावून खेळू नका. क्वेस्टच्या यादीत पुढची पायरी उमटली की तिथे थांबलेलं चालतं, प्रगती सर्व्हरवर राहते. मात्र लांब संवादाच्या मधोमध बाहेर पडलात तर तो संवाद पहिल्यापासून.

वगळायच्या बटणाबद्दल सहमत. पण या एका अंकात ते असतं तरी मी दाबलं नसतं.

---

अर्धाकप | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

फुरीना मिळाली!!! पेढे घ्या सगळ्यांनी.

कथा आणि तिचे हल्ले किती एकमेकांत विणलेत ते बघा. स्किल टाकलं की तिच्या दरबारातले तिघे पाण्याचे जीव बाहेर येतात आणि आपल्याच चौघांचं रक्त थोडं थोडं घेऊन शत्रूला मारतात. मग बर्स्ट टाकलं की रक्त जितकं खालीवर होईल तितका सगळ्यांचा मारा वाढतो. म्हणजे झीज झाल्याशिवाय बळ येत नाही. सगळ्यांना एकदम बरं करणारा कोणीतरी सोबत हवाच, जीन हे पात्र असेल तर उत्तम, नाहीतर फुरीनासोबत याच बॅनरवर (सोडतीत) मिळणारा बायझू. मी एकट्या बेनेटवर भागवायला गेलो तर बाकीचे तिघे अर्ध्या रक्तावर फिरत राहतात, कारण तो मैदानात असलेल्यालाच भरतो.

---

कोकणकडा | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:४४

अभिनंदन! सावल्या बंद केल्या, बराच फरक पडला. आभारी आहे मावळे.

---

रात्रपाळी | १४ नोव्हेंबर, पहाटे ४:२६

रुमाल उचलतो. आत्ताच संपवलं. सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा.

मला फुरीनापेक्षा फोकलॉर्सबद्दल बोलायचंय, तिचा विषय इथे कोणी काढलाच नाही. खरी देवता ती. तिने स्वतःचे दोन भाग केले: देवपण ओरॅट्रीसच्या आत लपवलं आणि माणूसपण बाहेर सोडलं. ते माणूसपण म्हणजे फुरीना. आरशातून तिला सांगितलं की देवता असल्याचं सोंग कर, कोणाला कळू देऊ नकोस, एक दिवस खटला होईल तेव्हा सगळं संपेल. का, कधी, कसं, यातलं काही सांगितलं नाही. तिकडे ओरॅट्रीस खटल्यांतून तयार होणारी ऊर्जा साठवत राहिलं. शहराला चाललेली वीज म्हणजे त्यातला किरकोळ वाटा. पाचशे वर्षांचा साठा कशाला, तर हायड्रो आर्कॉनचं सिंहासनच नष्ट करायला, म्हणजे ती सत्ता मूळ मालकाकडे, जलड्रॅगनकडे, म्हणजे न्यूव्हिलेटकडे परत जाईल आणि तो फोंटेनच्या माणसांना माफ करू शकेल.

बेत अफाट आहे. पण मला राग फोकलॉर्सचा आला. ती हसतमुख, नाचत नाचत पात्याखाली जाते आणि आपण सगळे हळहळतो. फुरीनाने मात्र प्रत्येक रात्र कोणाशी मोकळं न बोलता काढली. मरणाच्या शिक्षेपेक्षा ही शिक्षा मोठी होती आणि ती न विचारता दिली गेली.

---

तिसरी_घंटा | १४ नोव्हेंबर, सकाळी १०:३८

रात्रपाळी, न विचारता नाही. आरशासमोर फुरीना होकार देते. माणसांना वाचवायला हे लागेल, एवढं ऐकून ती तयार होते.

आता मूळ प्रश्नाकडे. मृत्युदंड झाला नसता तर फोकलॉर्सचा बेत तडीला गेलाच नसता. मृत्युदंड व्हायला खटला हवा, आणि खटला व्हायला कोणीतरी फुरीनाला कोर्टात उभं करायला हवं. ती आपणहून जाणार नव्हती, कारण न सांगण्याचं वचन तिने दिलं होतं. म्हणजे प्रवाशाची फसवणूक हा त्या बेतातला शेवटचा खिळा होता. फुरीना कबूल झाली असती तर पंचाहत्तर टक्के काम झालं असतं असंही नाही, सगळंच बुडालं असतं. त्यामुळे मला तरी तो प्रसंग आता पूर्ण पटला.

---

निळी_छत्री | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

घंटादादा, हे तुम्हाला आत्ता ठाऊक आहे. प्रवाशाला त्या खोलीत यातलं काही ठाऊक नव्हतं. शेवट चांगला झाला म्हणून ते वागणं आपोआप चांगलं ठरत नाही. शिवारवारा म्हणतात तसं, पूर दाराशी होता, घाई होती, इतर मार्ग खुंटले होते, हे मी कारण म्हणून मान्य करते. फोकलॉर्सचा बेत हे कारण नाही.

---

काळा_कोट | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:०९

निळी छत्री यांच्याशी पूर्ण सहमत. कृती त्या वेळी माणसाला जे माहीत होतं त्यावरूनच जोखायची.

---

शिवारवारा | १५ नोव्हेंबर, रात्री ११:२०

आधी वानखेडेची सेमीफायनल! ३९७ धावा, कोहलीचं पन्नासावं शतक, शमीचे सात बळी. घसा बसलाय, टाइप करता येतंय एवढंच. भाऊबीजेची ओवाळणी बहिणीने टीव्हीसमोरच उरकली.

आता धाग्यावर. लेकीच्या आईंचा प्रतिसाद वाचल्यापासून डोक्यात घोळतोय. मी चौथ्या अंकाचे प्रसंग पुन्हा आठवून बघितले. शत्रुपक्षातली आर्लेकिनो रात्री तिच्यावर हल्ला करते, तेव्हा ती घाबरलेली दिसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच थाट. आपण सगळ्यांनी तिची भीती पाहिली होती आणि तिला "नोसिस (आर्कॉनच्या शक्तीचं साधन) हिच्याकडे नाही वाटतं" एवढ्याच कामाचा पुरावा मानलं. सापळ्याची गरज होती या मतावर मी कायम आहे. पण सापळ्याआधी कोणीतरी तिच्याजवळ नुसतं बसायला हवं होतं. न्यूव्हिलेटला तर शेकडो वर्षं मिळाली होती.

---

रात्रपाळी | १६ नोव्हेंबर, पहाटे ३:५१

न्यूव्हिलेटवर एवढं नको. तो माणूस नव्हेच, माणसांचं मन त्याला उशिरा उमगायला लागलं. तो दुःखी झाला की फोंटेनमध्ये पाऊस पडतो आणि मुलं "जलड्रॅगना, रडू नकोस" म्हणतात, पण त्याला स्वतःला आपण का रडतोय ते धड कळत नसतं. फोकलॉर्सशी शेवटचं बोलताना त्याचा चेहरा बघा. फुरीनाला दंड सुनावणारा आणि तिला नंतर सगळ्यात जास्त जपणारा तोच.

---

लेकीची_आई | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:१२

सगळ्यांचे आभार, लेकीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. काळा कोट यांचा काठी कालू ओघड तिने वहीत उतरवून घेतलाय.

आम्ही काल फुरीनाची स्वतःची कथाही पाहिली, याच अपडेटमध्ये आली आहे. राजवाडा सोडून छोट्याशा घरात एकटी राहते, रोज मॅकरोनी खाते. एक नाटकमंडळी तिला नाटक बसवायला बोलावते तर आधी नाहीच म्हणते. तुमचं झालं का?

---

निळी_छत्री | १६ नोव्हेंबर, दुपारी १:३०

झालं. कोणी ते न खेळता थांबलं असेल तर थांबू नका, पाचवा अंक त्याशिवाय पुरा होत नाही. तिने पुन्हा रंगमंचावर जायचं की नाही हे या वेळी तिच्यावर सोडलंय, कोणी ढकलत नाही, आणि शेवटी ती स्वतःच्या पायांनी जाते. शक्ती देणारी व्हिजनही तिला तिथेच मिळते. देवता म्हणून मिरवत होती तेव्हा तिच्याकडे तीसुद्धा नव्हती.

माझं मत मात्र तेच आहे. त्या खोलीत मला नकार द्यायचा होता.

---

अर्धाकप | १६ नोव्हेंबर, दुपारी २:०५

व्हेल या बॉसला मारायला कोणी को-ऑपमध्ये येतंय का? पोटातल्या दुसऱ्या टप्प्यात माझी टीम आडवी होते. रविवारी रात्री दीडला आठवडा पालटतो, त्याआधी उरकायचंय.

---

तिसरी_घंटा | १६ नोव्हेंबर, दुपारी २:१९

मी येतो, झोंगली आणतो, ढालीची काळजी सोडा. शनिवारी रात्री जमवूया. रविवारी दुपारी दोनला फायनल आहे, तेव्हा मला कोणी हाक मारू नका.

---

कोकणकडा | १६ नोव्हेंबर, दुपारी २:२२

मीही. जीन तयार आहे, फोनचं कव्हर काढून बसतो.